मामंजींची गोळी आणि मसुराची उसळ

प्रश्न : वडगावात आमचे दोन माग आहेत. मामंजींना कंपवात आहे. लेव्होडोपाची गोळी ते सकाळी मसुराची उसळ-भाकरी खाता खाताच घेतात, वर ग्लासभर दूध. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास घ्या म्हणून बजावलंय. मामंजी म्हणतात, "पोटात गेली की झालं!" अर्ध्या तासानं काय बिघडतं हो सर?
– एक सूनबाई, बेळगाव

उत्तर : पोटात जाऊन भागत नाही, हीच तर गोम आहे. गोळी मेंदूत पोचायला हवी. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तर सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. प्राणवायू आपला आपण आत जातो. साखरेला, प्रथिनांच्या घटकांना म्हणजे अमिनो आम्लांना मात्र ठरलेली दारं लागतात. कंपवातात मेंदूत कमी पडलेलं डोपामाइन हे रसायन थेट देता येत नाही, कारण त्याला दारच नाही. लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या दारानं आत शिरते आणि मग तिचं डोपामाइन होतं. मसूर आणि दूध पचलं की याच दारावर अमिनो आम्लांची झुंबड उडते. आपल्या रेल्वे गेटावर ट्रॅक्टर, टेम्पोंच्या मागं एखादी रिक्षा अडकते ना, तशी गत. आतड्यातही हीच रेटारेटी.

(दाराची गरजच नसलेलं औषध आत शिरलं की काय होतं, तेही मी भोगलंय. सर्दीच्या जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात, म्हणून झोप आणतात. एकदा तशी गोळी घेऊन गाडीत बसलो. उतरायचं खानापूरला, जाग आली लोंढ्याला!)

दाराच्या आतल्या बाजूला ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी आहेत. त्यांचे पाय रक्तवाहिनीला लपेटलेले. त्या साखर घेतात, थोडी ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, चेतापेशींना लॅक्टेट हे इंधन पुरवतात आणि त्यांनी वापरून टाकलेलं ग्लुटामेट हे निरोप्या रसायन उचलून, त्याचं ग्लुटामाइन करून परत देतात. वजनानं शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू २० टक्के ऊर्जा खातो, तो या राबणुकीवर. जर्मन वैद्य फिरखोनं १८५६ मध्ये या आधारपेशींच्या मुलखाला नाव दिलं ग्लिया, म्हणजे चक्क गोंद! तुमच्या घरचंच बघा. लुगडं विणलं कुणी? मागावर बसला त्यानं. दिवसभर कांड्या भरणारीला कोण विचारतंय?

तर गोळी आधी, साध्या पाण्याबरोबर, उसळ नंतर. मसूर बंद करू नका, या वयात प्रथिनं लागतातच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर मनानं वेळ बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन वेळा टिपा : गोळी कधी घेतली आणि मामंजींचा हात कधी मोकळा झाला. पुढच्या खेपेला ते पान फाडून दवाखान्यात न्या.