घरी जेवून गेलेला कोच

"ज्या सरांच्या भरवशावर मुलीला तिथं घातलं, तेच सर निघून गेले. आता तिचं कसं होणार?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. लातूरच्या क्लासमधले फिजिक्सचे सर दुसऱ्या क्लासने ओढून नेलेले असतात, पीएचडीचे गाइड मधेच परदेशी जातात, गाण्याच्या बाई मुलाकडे बंगळुरूला राहायला जातात. पालक येतात ते पुढचं विचारत: आता कोण येणार? या एका प्रश्नात कधीकधी इतके आत शिरतात की पोरगी बाजूलाच राहते.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना मी पाहिला तो २०२५च्या जानेवारीत. परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

बाई मूळच्या सांगलीच्या, आता अमेरिकेत ओहायोमध्ये. नोकरी हिशेबखात्यात. त्यांची रात्र ती माझी सकाळ, म्हणून आमचं बोलणं पुण्यातल्या साडेसातला, म्हणजे तिकडच्या रात्री नऊला. लेक सहा तासांवरच्या एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात, दुसऱ्या वर्षाला, सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी. ("आपल्याकडे लिफ्टर म्हणायचे ना मॅडम, तीच.") तिचा हेड कोच आठ जानेवारीला संघ सोडून दुसऱ्या, मोठ्या विद्यापीठात गेला होता.

पहिल्याच दिवशी बाईंनी नमस्कार-चमत्कार आटोपून स्क्रीन शेअर केली. एक्सेल शीट. सतरा नावं. वय, सध्याचा संघ, तीन वर्षांतले जय-पराजय, स्वतः कुठे खेळला, बायको कुठल्या गावची (माहेराजवळ नोकरी मिळत असेल तर माणूस येतो, हे त्यांचं गणित), आणि शेवटचा रकाना: 'नवीन सेटरला संधी देतो का?' शक्यता जास्त तो हिरवा, मध्यम तो पिवळा, आशा नाही तो लाल. विद्यापीठाची माणसं कुठल्या कोचला भेटायला चाललीत हे कळावं म्हणून त्या गावातून उडणाऱ्या छोट्या खासगी विमानांवरही त्या रात्री दोन-दोनपर्यंत नजर ठेवत होत्या. एक विमान टेनेसीत उतरलं म्हणून तिथला एक कोच पिवळ्याचा हिरवा झाला होता. पुढे कळलं, ते विमान बास्केटबॉलच्या कामाला गेलं होतं.

"माझे मिस्टर म्हणतात, तुला निवड समितीवर घेतलंय का? आणि सांगलीहून सासूबाईंचा रोज मेसेज, आला का गं कोच?"

मला हसू आलं, पण हा नुसता येडेपणा नव्हे. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे, जिथं फायनलला दोन्ही संघांचे राखीव खेळाडू हेच प्रेक्षक असतात. ३० ऑगस्ट २०२३ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवला, तेव्हा ९२,००३ माणसं आली होती. हेड कोचला तिथं मोठा पगार असतो, करार असतो, मधे सोडला तर भरपाई असते. तो गेला की विद्यापीठाचा क्रीडा संचालक नवा शोधतो, बऱ्याचदा हे काम करणारी एजन्सी नेमून. उमेदवार दुसरीकडे नोकरीत असतात, म्हणून सगळं गुपचूप चालतं. ज्यांना खरं माहीत असतं ते बोलत नाहीत. उरलेले सगळे बोलतात.

मुलींना घाई असते ती वेगळीच. 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची एक यादी असते. तीत नाव टाकलं की दुसरी विद्यापीठं तुमच्याशी बोलू शकतात. हेड कोच गेला की त्या संघाच्या मुलींना यासाठी तीस दिवसांची मुदत मिळत होती. पण मेख अशी, की नाव टाकलं की आहे त्या विद्यापीठाला चालू सत्रानंतर तुमची शिष्यवृत्ती बंद करायची मोकळीक. म्हणजे सात फेब्रुवारीपर्यंत ठरवायचं होतं, आणि नवा कोच कोण याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी मी एक चूक केली, जी नवखे समुपदेशक करतात आणि मी अजूनही करते. धीर द्यायला गेले. आदल्याच आठवड्यात वाचलं होतं ते सांगितलं: पेन स्टेट विद्यापीठाचे रस रोज ४३ हंगाम तिथं व्हॉलीबॉलचे कोच होते, सात राष्ट्रीय विजेतेपदं. ते निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, संपलं आता. त्यांच्या जागी त्यांचीच जुनी खेळाडू केटी शूमाकर-कॉली आली आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये, कॅन्सरचे उपचार चालू असताना, संघाला विजेतेपद मिळवून दिलं. हे विजेतेपद जिंकणारी ती पहिली महिला हेड कोच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ती माझ्या शीटमध्ये नाहीये."

बरोबरच होतं. त्यांना गोष्ट नको होती.

त्याच आठवड्यात एका रात्री, रिपोर्ट लिहायचा सोडून, मी स्वतः त्या सतरांपैकी अकराव्या नंबरच्या कोचच्या मुलाखती बघत बसलेले स्वतःला सापडले. पावणेबारा वाजले होते. मला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. लॅपटॉप मिटला आणि विचार केला, यात असं काय आहे की माझ्यासारखीलाही गुंतवून ठेवतं? एकच सापडलं. हे करत असताना दुसरं काही वाटत नाही. अंदाज बांधणाऱ्याला रडायला सवड नसते.

पुढच्या वेळी शीट उघडू दिली नाही. विचारलं, "कोच गेल्याचं तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सांगितलं ते असं. सुट्टी होती, लेक घरी आलेली. संध्याकाळी अचानक झूमवर मीटिंग लागली. बाई ओट्याशी कणीक मळत होत्या, लेक डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन. कोचने सगळ्या मुलींना सांगितलं की मी जातोय, तुम्ही माझं कुटुंब आहात, मला तुमचा अभिमान आहे. नऊ मिनिटं. लेकीने लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायली.

"आणि तुम्ही?"

"मी कणीक मळतच राहिले. इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या." मग बराच वेळ काही नाही. मग, "मॅडम, त्याच टेबलावर जेवला होता तो."

आणि मग ते सगळं बाहेर आलं. तिकडच्या नियमाप्रमाणे, मुलगी दहावीत गेली नव्हे, दहावी संपली की १५ जूनपासून कॉलेजचे कोच तिच्याशी थेट बोलू शकतात. त्या तारखेला मध्यरात्री बारा वाजून चार मिनिटांनी या कोचचा मेसेज आला होता. पहिला. बाकी मोठी विद्यापीठं सकाळी जागी झाली. पुढे तो घरी भेटायला आला. बाईंनी साबुदाणे वडे केले, दाण्याच्या चटणीबरोबर. त्याने सहा खाल्ले, उरलेले दोन डब्यात मागून नेले. 'तुमची मुलगी चार वर्षं माझी जबाबदारी' असं म्हणाला. सासूबाई तेव्हा तिथं होत्या, त्यांनी निघताना त्याच्या हातावर दही दिलं.

"आम्ही त्याला घरचा मानला हो."

म्हणजे सतरा नावांच्या त्या शीटमध्ये अठरावं नाव होतं, न लिहिलेलं. पुढचा कोण यापेक्षा मागचा असा कसा गेला, हे त्यांना पचत नव्हतं. पण तो राग काढायचा कुणावर? त्याने काही बेकायदा केलं नव्हतं. नवरा म्हणे, नोकरी आहे, बदलणारच. लेक तर चकार शब्द बोलेना. मग राग गेला रकान्यांमध्ये. नवा माणूस आधीच पूर्ण पारखून घ्यायचा, म्हणजे पुन्हा कुणी वडे खाऊन जाणार नाही.

मी राग समजावून घालवायच्या भानगडीत पडले नाही. "तुम्हाला राग यायला हवा, मलाही आला असता," एवढंच म्हटलं. त्यावर बाईंनी त्या कोचला सांगलीच्या भाषेत जे काही ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. सात-आठ मिनिटं. मग म्हणाल्या, "बरं वाटलं." आणि लगेच, "शीट उघडू का?"

शीट बंद करा असं मी सांगितलं नाही. सांगून कुणी करत नाही, आणि चोरून बघणं वाढतं. आम्ही वेळ बांधून घेतली: जेवणं झाल्यावर साडेआठ ते आठ पन्नास. वीस मिनिटं हवं ते वाचा, हवे ते रंग बदला. मग दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत काही नाही. विमानं पूर्ण बंद. त्यावर त्यांनी घासाघीस केली. मी हलले नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. लेकीला रोज फोन व्हायचा, आणि रोज पहिला प्रश्न: काही कळलं का? लेक हल्ली उचलत नव्हती. मी म्हटलं, रविवारी फोन करा आणि कोचचा विषय काढू नका.

पहिल्या रविवारी त्या चार मिनिटं टिकल्या. घड्याळ लावून बसल्या होत्या. पाचव्या मिनिटाला तोंडातून गेलंच, "असिस्टंट कोच काय म्हणते गं?" लेकीने फोन ठेवला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी फोन केला आणि राग सांगितला. अंदाज नाही, राग. की मला त्या माणसाचा फार राग आलाय, आपल्याकडे जेवून गेला आणि तुला नऊ मिनिटांत निरोप. पलीकडे शांतता. मग लेक रडायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिला वाटत होतं, आईला फक्त संघाची, शिष्यवृत्तीची पडली आहे, आणि आपण कोचसाठी रडलो तर बालिश दिसू. रडून झाल्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून बाईच चकित. कोच गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्याला आभाराचा मेसेज केला होता. त्याचं लांबलचक उत्तरही आलं होतं. नियम सांभाळणाऱ्या कार्यालयात जाऊन पोर्टलची मुदत, शिष्यवृत्तीचं काय होतं, सगळं तिने स्वतः विचारून वहीत लिहून आणलं होतं. आणि तिचं ठरत आलं होतं: पोर्टलमध्ये नाव नाही टाकायचं. सिव्हिल इंजिनिअरिंगचे दोन प्राध्यापक तिला आवडत होते. तिच्या खोलीतली मैत्रीण तिथं होती.

"मला एकदाही सांगितलं नाही," बाई मला म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं होतंत?"

"मी रोज..." म्हणाल्या आणि थांबल्या.

जानेवारीच्या शेवटी मात्र पुन्हा गाडी रुळावरून घसरली. नेब्रास्काचे जॉन कुक पंचवीस हंगाम आणि चार विजेतेपदांनंतर निवृत्त झाले, आणि जवळजवळ लगोलग त्यांच्या जागी लुइव्हिल विद्यापीठाची कोच डॅनी बसबूम केली आली. तीही नेब्रास्काचीच जुनी खेळाडू. लुइव्हिलने आपला सहायक डॅन मेस्की वर आणला. एक खुर्ची हलली की देशभर खुर्च्या हलतात. सकाळी सव्वासहाला मेसेज: "मॅडम, सगळी शीट बदलली!!" तिकडे पावणेआठ वाजले होते. मी उत्तर दिलं, अजून साडेआठ व्हायचेत. त्यावर हात जोडलेलं चिन्ह आलं.

चार फेब्रुवारीला कोच जाहीर झाला. शीटमध्ये चौदावा, लाल. बायकोचं माहेर भलत्याच टोकाला.

सगळं छान झालं असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. नव्या कोचने आपल्या जुन्या संघातली एक अनुभवी सेटर पोर्टलमधून आणली. हे तिकडे सर्रास होतं, आणि बाईंना नेमकी याचीच धास्ती होती, म्हणजे त्यांची भीती काही खोटी नव्हती. लेक दुसऱ्या नंबरची सेटर झाली. वसंतातल्या सराव सामन्यांमध्ये मोजके सेट खेळली. वाईट वाटलं तिला, आईला त्याहून. पण एव्हाना रविवारचे फोन तासाभराचे झाले होते आणि दोघी त्या नव्या सेटरला यथेच्छ नावं ठेवत होत्या. ते मी अडवलं नाही. मार्चमध्ये नवा कोच पालकांना भेटला तेव्हा बाई हस्तांदोलन करून आल्या. घरी बोलावलं नाही. "बघू पुढच्या वर्षी," म्हणाल्या.

आमचं शेवटचं बोलणं एप्रिलमध्ये झालं. आता गरज नाही, असं दोघींचंही मत पडलं. निरोप घेऊन झाला, फोन ठेवणार इतक्यात बाई म्हणाल्या, "मॅडम, एक राहिलंच. तिथं असिस्टंट कोचच्या दोन जागा रिकाम्या आहेत म्हणे. मला वाटतं त्यातली एक..."

"तुमच्याकडे किती वाजलेत?"

"साडेनऊ."

"मग आजची वीस मिनिटं कधीच संपली."

"उद्या बघते," बाई म्हणाल्या.