लेसरचा टक्का आणि खरी आच

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : एमडीएफवर (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीवर) काळाराम मंदिराचे रेखाचित्र कोरून देतो. यंत्र डायोड लेसरचे, कंट्रोलर जीआरबीएल १.१ (यंत्राचे हेड आणि किरण चालवणारी प्रणाली). वेग मिनिटाला ६००० मि.मी., पॉवर ८० टक्के. शिखराच्या बारीक नक्षीत कोपऱ्याकोपऱ्यावर काळे ठिपके पडतात. पॉवर उतरवली की लांब रेघा फिकट होतात. काय करावे?

उत्तर : पॉवर उतरवत बसू नका, वेगाचा हिशेब आधी मांडा. मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० मि.मी. तुमच्या यंत्राचे ॲक्सलरेशन, म्हणजे वेग वाढण्याचा दर (जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $१२० आणि $१२१), सेकंदाला सेकंदामागे ५०० मि.मी. असेल, तर तो वेग गाठायलाच १० मि.मी. जागा लागते आणि थांबायला आणखी १०. नक्षीतली रेघ ५ मि.मी.ची असेल तर हेड मधोमध जेमतेम सेकंदाला ५० मि.मी.पर्यंत पोचते आणि लगेच ब्रेक लागतो. कोपऱ्यावर ते जवळजवळ उभे राहते, किरण मात्र ८० टक्क्यांवरच असतो. म्हणून ठिपका.

यावरचा उपाय जीआरबीएलमध्येच आहे. $३२=१ करून लेसर मोड चालू करा आणि फाइल एम३ ऐवजी एम४ आदेशाने काढा (टाइप करताना अक्षरे-आकडे इंग्रजीच). एम३ मध्ये पॉवर कायम राहते. एम४ मध्ये हेडचा वेग ज्या प्रमाणात पडेल त्याच प्रमाणात पॉवरही उतरते. तरीही वेग खाली आणाच. १५०० वर सेकंदाला २५ मि.मी. होतात आणि पूर्ण वेग सुमारे ०.६ मि.मी.त मिळतो. ८० टक्क्यांना ६००० होते, तर १५०० ला २० टक्क्यांपासून चाचणी सुरू करा, दोन-दोन टक्क्यांनी वर-खाली. काम थोडे लांबेल, पण नक्षी आणि लांब रेघ एकाच रंगाची येईल.

एक तपासणी राहूनच जाते. $३० मधला आकडा (पूर्ण पॉवर म्हणजे किती, हे सांगणारा) आणि सॉफ्टवेअरमधली एस-व्हॅल्यूची (फाइलमधल्या पॉवरच्या आकड्याची) कमाल मर्यादा एकच हवी. $३० मध्ये १००० आणि सॉफ्टवेअरमध्ये २५५ असेल, तर तुम्ही १०० टक्के दिले तरी लेसरला २५ टक्क्यांच्या आसपासच मिळतात. उलट असेल तर २६ टक्क्यांच्या पुढे सगळेच पूर्ण पॉवरवर जळते. असे यंत्र ‘बिघडले’ म्हणून दुरुस्तीला जाते, याचे वाईट वाटते.

प्रश्न (अंबड) : सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या) ट्यूबचे लेसर यंत्र आहे. १० टक्क्यांवर किरणच निघत नाही, १५ ला एकदम खोल कोरते. उन्हाळ्यात दुपारी तर ॲक्रिलिक आरपार जात नाही. पॉवर ९५ पर्यंत न्यावी का?

उत्तर : नेऊ नका. काचेच्या ट्यूबमध्ये ठरावीक करंट मिळाल्याशिवाय डिस्चार्ज (वायूतून वाहणारी वीज) पेटतच नाही, त्यामुळे तळाचे १०-१२ टक्के बहुतेक वाया जातात. कंट्रोलरमध्ये मिनिमम पॉवर असेल तर ती या पेटण्याच्या आकड्याच्या जरा वर ठेवा, नाहीतर कोपऱ्यावर रेघ तुटते.

पडद्यावरच्या टक्क्यापेक्षा मिलिॲमीटरचा काटा खरा. मीटर नसेल तर बसवून घ्या, पण ट्यूबच्या कॅथोडकडून (ऋण टोकाकडून) पॉवर सप्लायच्या एल-मायनस खुणेच्या टोकाकडे जाणाऱ्या वायरमध्येच. दुसऱ्या टोकाच्या जाड वायरवर हजारो व्होल्ट असतात, तिला हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही सप्लायमध्ये चार्ज उरतो, म्हणून हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मग २०, ४०, ६० टक्क्यांवर काटा किती सरकतो ते लिहून यंत्रावरच चिकटवा. ट्यूबच्या लेबलवर दिलेल्या कमाल करंटच्या ७०-८० टक्क्यांत रोजचे काम बसवा. त्यापुढे कट फारसा वाढत नाही, ट्यूब मात्र लवकर संपते.

दुपारचा त्रास पाण्याचा आहे. ट्यूबमधले पाणी २५ अंशांच्या वर गेले की पॉवर घसरते, आणि एप्रिल-मेमध्ये शेडखालची बादली सहज त्यापुढे जाते. चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बर्फाच्या बंद बाटल्या सोडा; सुटा बर्फ नको, त्यातून नळाच्या पाण्याचे क्षार येतात. पावसाळ्यात मात्र पाणी २० अंशांच्या खाली नेऊ नका. दमट हवेत ट्यूबवर दव धरते आणि हाय व्होल्टेजची ठिणगी भलतीकडे उडते. पॉवर वाढवण्याआधी लेन्स आणि आरसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहा. धुराचा पातळ थरही बराच किरण खातो.

प्रश्न (नाशिकरोड) : रेक्झिन कापायला किती पॉवर ठेवावी?

उत्तर : शून्य. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचा थर असतो. तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसांना घातक, आणि यंत्राच्या रेल-बेअरिंगला गंज चढवणारा. पुरवठादाराकडून ‘पीव्हीसी नाही’ असे लेखी मिळाल्याशिवाय तो माल लेसरच्या टेबलावर ठेवू नका, ब्लेडने कापा.