लग्न नेमकं लागतं कधी?

तुळशीचं लग्न उरकलं की माझा फोन वाजायला लागतो. विचारणारे दरवर्षी नवे, प्रश्न मात्र तेच. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न एकदाच इथे घेते. मी सांगते ती प्रामुख्याने ऋग्वेदी आश्वलायन पद्धत. तुमच्या घरी वेगळा कुळाचार असेल तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि तुमच्या नेहमीच्या उपाध्यायांना विचारा. माझं वाचून त्यांच्याशी भांडू नका.

प्रश्न : बाईने पौरोहित्य केलेलं लग्न कायद्याने चालतं का?

चालतं. विधी झाले की नाही हे कायदा बघतो, सांगणाऱ्याला मिशी आहे का ते बघत नाही.

प्रश्न : मे २०२६च्या शेवटच्या आठवड्यात एक मोठं कार्यालय निम्म्या भाड्यात मिळतंय. घेऊन टाकू का?

निम्म्या भाड्यात का मिळतंय, हे विचारलंत का? १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून कार्यालय रिकामं आणि म्हणून व्यवस्थापक एवढे उदार. मुहूर्त मानत नसाल तर खुशाल घ्या, आणखी घासाघीस करा. मानत असाल तर पैसे भरण्याआधी पंचांग जाणणाऱ्या माणसाला एक फोन करा. पावती फाडून झाल्यावर 'ताई, काहीतरी तोड काढा' म्हणून येऊ नका.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा हॉल वातानुकूलित आहे. 'विधींसह संपूर्ण पॅकेज' म्हणून आगाऊ रक्कम घेतली. आता म्हणतात, कार्पेट आहे, धुराचा अलार्म आहे, होम करता येणार नाही. निरांजनावर भागवा, तसंही अक्षता पडल्या की लग्न लागलंच. हे बरोबर आहे का?

नाही. आणि हे 'तसंही' मी इतक्या वेळा ऐकलंय की आता जरा सविस्तरच बोलते.

अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता हा सगळ्यांना दिसणारा भाग. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजतात, हार पडतात आणि मांडवातली चारशे माणसं एकदम जेवायला उठतात. त्या क्षणी लग्न सुरू झालेलं असतं, पुरं झालेलं नसतं. पुढे कन्यादान, मंगळसूत्र, विवाहहोम, पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी. हे सगळं बघायला उरतात कोण? मुलीची आई, मुलाची आई, एखादी म्हातारी आत्या आणि खुर्च्या उचलायला आलेली पोरं.

जे उठून जातात त्यांचं काय हुकतं ते सांगते. मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीला देते. तिचा पाय सहाणेवर ठेवून नवरा म्हणतो, 'अश्मेव त्वं स्थिरा भव', या दगडासारखी स्थिर हो. (हे त्यालाही कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं मला दर लग्नात वाटतं.) मग तांदळाच्या सात राशी. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्या पावलाला मंत्र आहे 'सखा सप्तपदी भव'. अन्नापासून निघालेलं नातं सातव्या पावलाला मैत्रीशी येऊन थांबतं. या मंत्राला चारशेतली चार माणसं हजर असतात, बाकीची मठ्ठ्याच्या रांगेत.

हा माझ्या एकटीचा हट्ट नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ सांगतं की दोघांपैकी कोणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या विधींत अग्नीसमोरची सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. अक्षतांचा त्यात उल्लेखही नाही. २०२४मध्ये दोन वैमानिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. ज्यांच्या रूढीत सप्तपदी नाही त्यांची गोष्ट वेगळी. बौद्ध पद्धत, सत्यशोधक पद्धत यांचे विधी वेगळे आहेत. पण तुमच्या घरात सप्तपदी असेल, तर ती 'वेळ उरला तर करू' या यादीत टाकू नका.

आता निरांजन. निरांजन हाही अग्नीच, असा वाद मी घालू शकते. पण त्याच्यात लाह्यांची ओंजळ रिकामी करून दाखवा! तांब्याचं लहान होमकुंड, खाली विटा आणि वाळूचा थर, चार समिधा, बेताचं तूप, एवढ्यात होम नीट होतो आणि धूरही फार होत नाही. धूर होतो तो हौशी काका वरून सबंध वाटी ओततात तेव्हा. आत अजिबात परवानगी नसेल तर होमापुरती गच्ची, व्हरांडा, लॉनचा कोपरा मागा. अलार्म मात्र आपला आपण बंद करायला जाऊ नका. ते काम हॉलच्या माणसांचं आहे आणि त्यांनीच ते करावं.

आणि ते 'पॅकेज'. विधींसह म्हणजे काय, हे कागदावर कोण देतं? बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एक पाट, एक समई आणि कुठलेतरी गुरुजी, ज्यांना त्या दिवशी आणखी दोन लग्नं गाठायची असतात. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : होम कुठे करायचा, अक्षतांनंतर विधींना किती वेळ मिळणार (पाऊण तासाच्या खाली मी येत नाही), आणि त्या वेळात स्टेजवर कोण येणार नाही. तुमचे पैसे गेलेले आहेत, तेव्हा पावती घेऊन आधी व्यवस्थापकाशी बोला. नाहीच ऐकलं, तर ग्राहक तक्रारींची माहिती असलेल्या वकिलाला ती पावती दाखवा.

स्टेजवर कोण, हे उगीच लिहिलं नाही. मागच्या हंगामात एका लग्नात मुलीने सातव्या राशीवर पाऊल ठेवलं आणि फोटोग्राफर ओरडला, "ताई, सातवं परत घ्या, फोकस गेला!" मुलगी बिचारी पाय उचलायला लागली. मी त्याला म्हटलं, "बाळा, हिचं लग्न लागलंय. आता पाऊल मागे घ्यायचं तर कोर्टात जावं लागेल."

प्रश्न : आमच्यात सात फेरे की चार, यावर दोन्ही घरांत वाद चालू आहे.

मालिका बघणं थोडं कमी करा. फेरे म्हणजे अग्नीभोवती प्रदक्षिणा, सप्तपदी म्हणजे राशींवरून सात पावलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या पद्धतीत लाजाहोमाबरोबर तीन प्रदक्षिणा असतात. समोरचं घर दुसऱ्या प्रांतातलं असेल तर दोन्हीकडच्या पुरोहितांना एकदा फोनवर आमनेसामने आणा. लग्नाच्या आधी, बोहल्यावर नव्हे.

प्रश्न : ३६ पैकी १६च गुण जुळतात, एकनाडी आहे, शिवाय मुलीला मंगळ. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत. एका ज्योतिष्याने मोठ्या खर्चाची शांत सांगितली आहे. एकनाडी म्हणजे रक्तगट एक, मुलं होत नाहीत, असंही ऐकलं.

ऐकलंत ना? मग ते ऐकण्यापुरतंच ठेवा. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते, रक्तगटाशी तिचा संबंध नाही. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर बिघडत काहीच नाही. छत्तीस गुणांतले आठ एकट्या नाडीचे असतात; दोघांची नाडी एकच निघाली की ते आठही जातात आणि आकडा धाडकन खाली येतो, एवढंच तुमच्या १६चं गुपित. मंगळाचं म्हणाल, तर तो १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठल्याही स्थानी असला की पत्रिका मंगळाची समजतात. बारा घरांतली पाच घरं! साध्या हिशेबाने दर बारा माणसांत पाच जण मंगळाचे निघतील. शास्त्रात त्याला अपवादही ढीगभर दिलेत, पण अपवाद सांगून कुणाला दक्षिणा मिळत नाही.

काळजी करायचीच असेल तर खऱ्या गोष्टीची करा. लग्नाआधी दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले तर पुढे काय, हे डॉक्टर समजावतील. ते काम माझं नाही आणि त्या ज्योतिष्याचंही नाही.

प्रश्न : माझे वडील गेले. आईने कन्यादान केलेलं चालत नाही, काका-काकूच बसतील, असं घरचे म्हणतात. आई काही बोलत नाही, नुसती कामं करत राहते.

आईला बसवा. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादानाचा अधिकार कोणाकोणाला, त्याची यादीच आहे : पिता, पितामह, भ्राता, सकुल्य (म्हणजे कुळातला नातेवाईक), 'जननी तथा'. यादीत तिचं नाव शेवटी आहे, पण आहे. 'चालत नाही' म्हणणाऱ्यांनी बहुधा यादी वाचलेली नसते. हेरवाडसारख्या गावाने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या घराला एका पाटाची अडचण होऊ नये. काकांशी मात्र लग्नाच्या दिवशी नको, महिनाभर आधी बोला, आणि शक्य असेल तर तुमच्या गुरुजींना सोबत घ्या. गुरुजीच नाही म्हणाले तर गुरुजी बदला. आणि आईला कुंकू लावायचं की नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या की नाही, हे तिला विचारा. तिच्या वतीने कुणी ठरवू नका, तुम्हीही नाही.

प्रश्न : दोन्ही आत्यांनी स्वतः मंगलाष्टका रचल्या आहेत. एकूण चौदा झाल्या. मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा आहे.

पूर्वी पाण्यात घटिकापात्र सोडायचे. तळाला भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. वेळ भरत येईपर्यंत अष्टकं म्हणायची आणि क्षण जवळ आला की 'सावधान'. म्हणजे अष्टकं मुहूर्तासाठी होती, मुहूर्त अष्टकांसाठी नव्हता. आता प्रत्येक चुलतभावाचं नाव यमकात बसवल्याशिवाय अंतरपाट हलत नाही, आणि मागच्या रांगेतली पोरं कंटाळून अक्षता यॉर्करसारख्या टाकायला लागतात. प्रत्येक आत्याला एक. उरलेल्या बारा केळवणाला म्हणा. आणि वरात दारात नाचत राहिली तर १२ वाजून २३ मिनिटांना कुणासाठीही थांबता येत नाही, हे नवरदेवाच्या मित्रांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

प्रश्न : मामेबहिणीशी लग्न करता येतं का?

तुमच्या समाजात तशी जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो. नसेल तर ते लग्न टिकत नाही. रूढी आहे की नाही हे मी नव्हे, वकील सांगेल. साखरपुड्याआधी विचारा.

प्रश्न : व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र तातडीने हवं आहे. लग्न दोन महिन्यांनी आहे. आधीची तारीख घालून अर्जावर सही द्याल का?

नाही. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते ती लग्न लावलं म्हणून, लावणार आहे म्हणून नव्हे. त्या वैमानिकांचं काय झालं ते वर वाचा. घाई खरी असेल तर दोन सरळ रस्ते आहेत. घरच्या दहा माणसांत सप्तपदीसह लग्न आत्ता लावा, त्याच खऱ्या तारखेची नोंदणी करा आणि समारंभ दोन महिन्यांनी करा. किंवा १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज द्या. तिथे तीस दिवसांची नोटीस असते आणि तीन साक्षीदार लागतात, म्हणून आजच निबंधक कार्यालयात चौकशी करा. आणि लग्न झालेल्या सगळ्यांसाठी : महाराष्ट्रात नोंदणी ९० दिवसांत करायची असते. तीन वर्षांनी पासपोर्ट अडला की मला शोधत येतात, तोवर लग्नपत्रिका हरवलेली असते आणि साक्षीदारांपैकी एक परदेशी गेलेला असतो.

प्रश्न : मला भाऊ नाही. लाह्या कोण घालणार आणि कान कोण पिळणार?

धाकटी बहीण आहे असं तुम्हीच खाली लिहिलंय. लाह्या तिने घालाव्यात. कानही तिनेच पिळावा, आणि मनासारखं मिळेपर्यंत सोडू नये.