वॉलमार्ट जर्मनीत फसलं ते तिथल्या लोकांना हसतमुख स्वागत रुचलं नाही म्हणून का?

नाही, हसण्याचा किस्सा फार वाढवून सांगितला जातो. खरं कारण म्हणजे ‘आम्ही सगळ्यात स्वस्त’ हे वॉलमार्टचं मुख्य शस्त्रच तिथे बोथट ठरलं. १९९७ साली ते जर्मनीत उतरले तेव्हा आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांच्या जर्मन साखळ्या आधीच घट्ट पाय रोवून बसल्या होत्या: मोजकाच माल, त्यातला बराचसा स्वतःच्या ब्रँडचा, दुकानात नोकर कमी. त्यांच्यापेक्षा भाव खाली नेणार तरी किती? त्यात २००० साली स्पर्धा नियामकाने दूध, साखर अशा वस्तू खरेदी किमतीपेक्षा कमी दरात विकायला मनाई केली (आल्डी-लिडललाही). शेवटी २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या जर्मन किराणा-व्यापार समूहाला विकायचं ठरवून वॉलमार्टने काढता पाय घेतला.

संस्कृतीचा संबंधच नव्हता असं मात्र नाही. पण माझ्या मते ती गिऱ्हाइकांपेक्षा कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जास्त नडली. कामगार प्रतिनिधींच्या मंडळाला विश्वासात न घेता कंपनीने अमेरिकी आचारसंहिता लागू केली आणि त्यातली सहकाऱ्यांमधल्या प्रेमसंबंधांवरची बंदी २००५ साली न्यायालयाने अवैध ठरवली.