पुण्याहून सात-आठ दिवसांसाठी येऊन कोकणात कासवांचं काही काम करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वेळासला कासव महोत्सवात पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आणि तेव्हापासून मन तिथेच अडकलंय. पुण्यात नोकरी आहे, वर्षाला सात-आठ दिवस सुट्टी निघते. एवढ्यात खरंच काही उपयोग होईल का, की आपली उलट अडचणच होईल, असा तुमचा प्रश्न आहे.

उपयोग होईल. फक्त महोत्सवाच्या दिवसांत येऊ नका, डिसेंबर-जानेवारीत या.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. थोडी आंब्याची बाग आहे. गेले नऊ हंगाम गावातल्या कासवमित्रांबरोबर पहाटेची फेरी मारतो. तुम्ही पाहिलंत ते या कामाचं शेवटचं टोक. टोपली उचलली, वाळूतून इवलीशी डोकी वर आलेली दिसली, पिल्लं पाण्याकडे निघाली. त्याआधीचे पन्नास-पंचावन्न दिवस पाहायला कोणी नसतं आणि खरी माणसं लागतात ती तेव्हाच.

काम म्हणजे मुख्यतः चालणं. पहाटे चारला उठायचं आणि खाडीच्या तोंडापासून पलीकडच्या कातळापर्यंत सगळी पुळण पायाखाली घालायची. आपल्याकडे येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. ओडिशात ती हजारोंनी एकदम किनाऱ्यावर येतात, आपल्याकडे मात्र एकेकटी. आज इथे तर चार दिवसांनी मैलभर पुढे. त्यामुळे रोज सगळा किनारा बघावा लागतो. मादी पाण्यातून वर येते तिचा माग दोन-अडीच फूट रुंद असतो, ट्रॅक्टरचं एकच चाक वाळूतून गेल्यासारखा. भरती चढली की तो पुसला जातो, म्हणून उजाडायच्या आत जायचं.

माग सापडला म्हणजे घरटं सापडलं असं नसतं. अंडी घालून झाल्यावर मादी खड्डा बुजवते आणि अंगाने धपधप चोपून वाळू सारखी करते. वर काही खूण राहत नाही. आमच्याबरोबर एक काका असतात, सत्तरीचे. ते चपला काढतात, विस्कटलेल्या जागेवर हळूहळू टाच टेकवत फिरतात आणि एका ठिकाणी थांबतात. बाकी सगळीकडे वाळू घट्ट लागते, तिथे जराशी भुसभुशीत. मग बारीक काठी अलगद घालून बघायची. काठी सहज आत गेली की गुडघ्यावर बसून हाताने उकरायचं, फावडं-कुदळ काही नाही. खड्डा घागरीसारखा असतो, तोंडाशी अरुंद आणि तळाला पसरट, साधारण दीड फूट खोल. हात कोपराच्या थोडा अलीकडपर्यंत गेला की बोटांना पहिलं अंडं लागतं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच मऊ, चामड्यासारखं, बोटाने दाबलं तर खळगा पडेल असं. शंभरच्या आसपास असतात, कधी कमी, कधी बरीच जास्त. एकेक उचलताना ते जसं होतं तसंच धरायचं, फिरवायचं नाही. घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात, कारण नंतर आतला जीव कवचाला धरतो आणि अंडं उलटं झालं तर तो दगावतो.

ती टोपलीत घेऊन हॅचरीत न्यायची, तेवढाच खोल, तसाच घागरीच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची आणि पाटीवर तारीख आणि संख्या लिहायची. हॅचरी म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर जाळीने बंदिस्त केलेली किनाऱ्याचीच जागा. मूळ जागीच ठेवली तर कोल्हे, भटकी कुत्री आणि उधाण यांतून फार थोडी वाचतात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, ऊब जास्त तर माद्या जास्त. म्हणून उन्हाळ्याकडे हॅचरीवर सावली धरावी लागते.

एक कबुलीही देतो. मी लहान असताना ही अंडी आमच्या घरात येत. कुणीतरी डालग्यातून आणायचं, उकडून खायची. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांच्या शोधात किनारा फिरत होते. तेव्हा वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली आणि तिथून हे काम सुरू झालं. पुढे ते गावोगाव पसरलं, वनविभागाने गावातलीच माणसं कासवमित्र म्हणून उभी केली. आज फेरीला येणाऱ्यांत पूर्वी अंडी काढणारेही आहेत. घरटं त्यांच्याइतकं अचूक कुणाला सापडणार?

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. अंड्यांना आणि पिल्लांना हात लावायचं काम वनविभागाच्या आणि कासवमित्रांच्या देखरेखीतच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तेव्हा आधी त्या गावातल्या कासवमित्रांशी बोला, गावातच कुणाच्या घरी उतरा आणि पहिले दोन दिवस नुसते बरोबर चाला. तिसऱ्या दिवशी तुम्हालाही माग ओळखता येतो. आमच्यातले काही जुने लोक वहीत लिहायला कंटाळतात. ज्याचं अक्षर बरं आहे आणि जो भरतीची वेळ, जागा, अंड्यांची संख्या रोज नेमाने उतरवून घेतो, असा पाहुणा आम्हाला फार हवा असतो.

नोंद का महत्त्वाची, तर गुहागरचंच बघा. जानेवारी २०२५ मध्ये तिथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूची पट्टी होती. कुणीतरी वाकून तिच्यावरचा नंबर वाचला : ०३२३३. ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथा इथे बसवलेली होती. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची मादी अख्ख्या दक्षिणेला वळसा घालून आपल्या पुळणीवर आली होती. हे वाचलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. पहाटे कुणी चालत नसतं तर ती आली तशी निघून गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

पावसाळ्यातही या, जमलं तर. तेव्हा कुणी येत नाही. जून-जुलैच्या उधाणात तुटक्या जाळ्यांचे गुंते किनाऱ्यावर लागतात आणि त्यात कधी जिवंत कासवही अडकलेलं असतं, पर तुटलेलं, अंगावर शेवाळ चढलेलं. त्याला पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव बुडतं. सावलीत ठेवून ओलं फडकं टाका आणि वनविभागाला कळवा. उपचारासाठी डहाणूला केंद्र आहे. ओळखीचे मच्छीमार असतील तर हेही सांगा की संरक्षित प्राण्याला सोडवायला जाळं कापावं लागलं तर सरकारकडून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. फोटो मात्र काढून ठेवावे लागतात. नुकसानीच्या भीतीने हात आखडणाऱ्या माणसाला एवढी माहितीही पुरते.

आणि उजेडाचं फार सांभाळा. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री मी पाहुण्यांच्या एका गटाबरोबर होतो. मादी भरतीच्या रेषेपर्यंत आली होती. मला थांबवता येण्याआधी दोघांनी मोबाइलचे दिवे पाडले. ती थांबली, मान वर केली, वळली आणि लाटेत गेली. पोटात अंडी घेऊन. त्या रात्री ती पुन्हा आली नाही. चूक माझी होती, निघतानाच सगळ्यांचे फोन खिशात ठेवायला सांगायला हवे होते. पिल्लांचंही तेच. समुद्रावरचा अंधुक उजेड धरून ती जातात, मागे हॉटेलचा दिवा असला की उलट सुरूच्या बनाकडे वळतात. जिथे उतराल तिथल्या मालकाला समुद्राकडचा दिवा रात्री बंद ठेवायला सांगा. गावचा माणूस सांगतो तेव्हा ऐकत नाहीत, गिऱ्हाईक सांगतं तेव्हा ऐकतात.

अंधारात चालायला घाबरू नका, त्यातच सगळी मजा आहे. थंडीच्या काही रात्री पाणी चमकतं. लाट फुटते तिथे निळसर रेघ धावते आणि ओल्या वाळूवर पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या उठतात. हातात बॅटरी असेल तर यातलं काही दिसत नाही. उजाडताना बारीक खेकडे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून किनाराभर नक्षी काढत असतात, कुरवांचा थवा पाण्याच्या कडेला तोंडं वाऱ्याकडे करून बसलेला असतो. फेरी संपली की कुणाच्या तरी खळ्यात चहा आणि घावणे असतात.

तुमच्या आठ दिवसांत एकही माग दिसला नाही, असंही होईल. तरी रोज तारीख घालून ‘माग नाही’ असं लिहायचं. आमच्या वहीत अशीच पानं जास्त आहेत.