आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून चालता लॅपटॉप भंगारात काढू नका. ब्राउझर, मेल, पत्रं एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची सिनॅमन आवृत्ती घ्या. मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली टास्कबार; हात लगेच बसतो. टॅली किंवा श्रीलिपीवर पोट असेल तर मात्र विंडोज ठेवाच.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, सुरू करा; हार्डडिस्कला धक्का लागत नाही. तिथेच वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. माझ्या पाहण्यात लोक प्रिंटरपाशीच अडतात. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये ‘मराठी कगप फोनेटिक’ जोडा. आणि इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ (सगळी हार्डडिस्क पुसणारा पर्याय) निवडण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्याच, अगदी कळकळीने सांगतोय.