सही करण्याआधी तास लिहून काढा

प्रश्न : माझे मिस्टर शिळफाट्याच्या पलीकडे एका दगडखाणीवर डंपर चालवतात. खाण एकाची, गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे. ड्युटी रात्री ८ ते सकाळी ८, सुट्टी अशी नाहीच. गेल्या महिन्यात सलग तेरावी रात्र होती. त्या दिवशी सकाळी दिवसपाळीचा ड्रायव्हर आला नाही, म्हणून यांना दुपारी २ पर्यंत थांबवून घेतलं. मानखुर्दला घरी येऊन जेमतेम दोन तास झोपले आणि ८ ला परत हजर झाले. मध्यरात्री यांनी सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, "झोप आवरत नाही, दुसरा माणूस द्या." उत्तर आलं, "आजची रात्र काढ." पहाटे ४ च्या सुमारास माती टाकायच्या कडेला गाडी मागे घेताना डुलकी लागली, मागचं चाक कडेवरून उतरलं आणि डंपर कलंडला. यांना मुका मार लागला, क्लीनरचा पाय मोडला. आता ठेकेदार दुरुस्तीचे १,८०,००० रुपये पगारातून कापणार म्हणतो. "माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला" अशा कागदावर सही मागतो, सही केली तर पोलीस केस होऊ देणार नाही म्हणतो. लायसन्सही ठेवून घेतलंय. सोमवारपासून परत रात्रपाळीला बोलावलंय. सही करावी का?

– एक वाचक, मानखुर्द

उत्तर : ताई, सही करू नका. आधी एवढंच, बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रातला हिशेब मी कागदावर मांडला. आदल्या रात्री ८ पासून अपघाताच्या पहाटे ४ पर्यंत ३२ तास होतात. त्यातले २६ तास तुमचे मिस्टर कामावर होते, दोन तास झोपले, उरलेले चार प्रवासात आणि जेवणखाणात गेले. त्या कागदावर यातलं काहीच नाही. त्यात एका माणसाचा निष्काळजीपणा आहे आणि खाली सहीची जागा आहे. एकदा सही झाली की हे ३२ तास कुणी विचारणार नाही, म्हणून तो कागद इतक्या घाईने पुढे येतोय.

पहिली गोष्ट, दगडखाण ही कायद्याने खाणच आहे. कोळशाची किंवा लोखंडाची तेवढी खाण आणि आपली दगडाची ती 'क्वारी', असं बरेच कामगार समजतात आणि मालकही तसंच भासवतात. अगदी लहान दगडखाणींना काही तरतुदींतून सूट आहे, पण त्यासाठी खोदाई ६ मीटरपेक्षा जास्त खोल नसावी लागते, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसावी लागतात आणि सुरुंग लावत नसावेत. तिन्ही अटी एकदम पाळल्या जाव्या लागतात. तुमच्या मिस्टरांच्या खाणीवर सुरुंग लागतात का, एवढं विचारून मला कळवा. लागत असतील तर कायद्यातून सूट मिळण्याचा प्रश्न तिथेच संपला.

आता तासांचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून खाण अधिनियम, १९५२ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. तिच्या कलम २५ प्रमाणे दिवसाचं काम आठ तासांचं. कलम २६ प्रमाणे आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. कलम २७ प्रमाणे जादा काम कामगाराच्या संमतीनेच आणि दुप्पट दराने. ठेकेदार जुन्या कायद्याकडे बोट दाखवेल, तर तिथेही जमिनीवरच्या कामाला दिवसाचे नऊ तास आणि जादा काम धरूनही साधारणपणे दहा तासांची मर्यादा होती. सलग १८ तास कोणत्याच हिशेबात बसत नाहीत.

झोपेबद्दल दोन शब्द, कारण "झोप आली तर ड्रायव्हरने सांभाळायला नको का" असं तुम्हाला नातेवाईकही म्हणतील. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो, असं संशोधनात दिसून आलं आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे २ ते ६ हा शरीराचा सगळ्यांत मंद वेळ. डंपर ताशी २० किलोमीटरने जात असेल आणि डोळा चार सेकंद लागला, तर गाडी २२ मीटर चालकाविना जाते. खाणीच्या कडेला २२ मीटर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्यायलेल्या ड्रायव्हरला कुणी मुद्दाम गाडीवर बसवलं तर आपण बसवणाऱ्याला जाब विचारू. इथेही तोच प्रश्न विचारायचा आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते, ताई. झोप आली एवढ्यावर ड्रायव्हर आपोआप सुटत नाही. झोप येतेय हे माहीत असताना गाडी चालवत राहिला, असं पोलीस म्हणू शकतात. क्लीनरचं हाड मोडल्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा नोंदवता येतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे "आत टाकतील" या भीतीने रात्र काढू नका. शिवाय तो दखलपात्र आहे. पोलिसांनी तो नोंदवायचा की नाही, हे ठेकेदाराच्या हातात नाही. त्यामुळे सहीच्या बदल्यात तो जे देऊ करतोय, ते त्याच्याकडे द्यायला नाहीच. उलट त्याच कागदाची प्रत उद्या पोलीस ठाण्यात पहिला पुरावा म्हणून जाईल.

म्हणूनच व्हॉट्सॲपवरचा तो निरोप आणि "आजची रात्र काढ" हे उत्तर, ही तुमची सगळ्यांत मोठी ठेव आहे. व्यावसायिक सुरक्षा संहिता कामगारावरही एक कर्तव्य टाकते : धोका दिसला की कळवायचा. तुमच्या मिस्टरांनी तो कळवला, आणि कळवल्यावर त्यांना गाडीवरच ठेवलं गेलं. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ॲप काढून टाकू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. कोर्टात असा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

आता तास सिद्ध करायचे. हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराच्या ताब्यात आहे आणि ते आता नव्याने लिहिलं जाईल हे गृहीत धरा. पण डंपर बाहेर खडी घेऊन गेला असेल तर महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या वाहतूक परवान्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ असते. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ असते. डिझेल भरल्याची पावती असते, टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद असते. घरातल्या शर्टांचे खिसे, जुनी डायरी, गाडीत ठेवायची ती प्लास्टिकची पिशवी, सगळं पाहा. मानखुर्दहून जाण्यायेण्याची रोजची तिकिटं मोबाइलवर काढली असतील तर तीही चालतील, आणि तुम्ही त्यांना रोज किती वाजता फोन केलात याची नोंदही. मग मिस्टरांना शेजारी बसवून त्या तेरा रात्रींचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून घ्या : कधी गेले, कधी आले, किती झोपले. हे या आठवड्यातच करा. महिन्याभराने एक रात्र दुसरीत मिसळते.

पगारातून कापायचं म्हणाल तर वेतन संहिता, २०१९ च्या कलम २१ प्रमाणे नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, आणि त्याच्या चुकीने जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जात नाहीत. इथे तर चूक कुणाची हाच वाद आहे. शिवाय गाडीचा विमा असणार. त्याचा दावा केला का, हे ठेकेदाराला लेखी विचारा. एकाच दुरुस्तीचे पैसे दोन ठिकाणांहून घेता येत नाहीत.

उलट तुमचंच येणं निघतं. बारा तासांच्या पाळीत रोज चार तास जादा, महिन्याला २६ दिवस धरले तरी १०४ तास, तेही दुपटीने. (व्यावसायिक सुरक्षा संहितेआधीच्या महिन्यांना जुने नऊ तास धरावे लागतील.) वेतन संहितेखाली हा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि अधिकारी दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. ठेकेदाराने हात वर केले तर पगाराची जबाबदारी खाणमालकावर, म्हणजे मुख्य नियोक्त्यावर येते. अर्जात दोघांचीही नावं घाला.

अर्ज कुठे द्यायचा, इथे बरेच जण चुकतात. लोक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जातात, ते राज्याचं कार्यालय. खाणीच्या बाबतीत 'समुचित शासन', म्हणजे कायदा राबवणारं सरकार, केंद्राचं आहे, म्हणून केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठायचं. मुंबईत ते शीव-चुनाभट्टीला श्रमरक्षा भवनात आहे, मानखुर्दहून तुम्हाला हार्बरने सोपं. खडी फोडायचा क्रशर वेगळ्या परवान्यावर कारखाना म्हणून नोंदलेला असेल तर त्याचा विषय वेगळा निघेल, पण हा अपघात माती टाकायच्या कडेला झाला, ती खाणच. सुरक्षेची तक्रार खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे, मुख्यालय धनबादला. तिथे एक प्रश्न जरूर विचारा : या अपघाताची सूचना मिळाली होती का? ज्या अपघातानंतर माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही, त्याची सूचना मालकाने द्यायचीच असते. क्लीनर तर महिनाभर पाय बांधून पडलाय. त्या कडेला चाक अडवणारा मातीचा बांध होता का, दिवा होता का, मागे घेताना खूण करणारा माणूस होता का, हेही तक्रारीत लिहा. झोपेने चाक कडेपर्यंत नेलं असेल, पण बांध असता तर ते तिथेच अडलं असतं.

लायसन्स अडकवून ठेवायचा अधिकार ठेकेदाराला नाही. लेखी परत मागा, नाही दिलं तर पोलिसांत अर्ज द्या. तोवर डिजिलॉकरमधली प्रत चालते.

सोमवारच्या पाळीआधी मिस्टरांच्या नावाने एक पत्र जाऊ द्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ प्रमाणे जीवाला धोका वाटला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मग मालकाला एकतर ताबडतोब उपाय करावा लागतो, नाहीतर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावं लागतं. मजकूर साधा ठेवा : "मी अमुक तारखेला २ तासांच्या झोपेवर कामावर होतो. झोप येत असल्याचं रात्री कळवूनही मला बदली दिली नाही आणि अपघात झाला. बारा तासांची रात्रपाळी, साप्ताहिक सुट्टी नसणं आणि कडेला बांध नसणं यामुळे माझ्या व इतरांच्या जीवाला धोका आहे. मी आठ तासांच्या पाळीवर काम करायला तयार आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर काम सोडून गेला असं म्हणतील. बांधाबद्दलचं वाक्य मात्र बांध खरोखर नसेल तरच लिहा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा.

आणि या रविवारी क्लीनरच्या घरी जाऊन या. तुम्हाला अवघड वाटेल, त्यांच्या मनात राग असेल, तरी जा. त्यांना सांगा की भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, ड्रायव्हरची चूक ठरली तरी ती त्यांना मिळते, आणि "दवाखान्याचा खर्च दिला, आता काही मागणं नाही" अशा कागदावर त्यांनीही सही करू नये. त्या रात्री सुपरवायझर काय म्हणाला, ते गाडीत बसून ऐकणारा दुसरा माणूस तोच आहे.